नाव शेवरोलेचं, इंजिन कुणाचं? जनरल मोटर्स आणि तिच्या गाडीमालकांची गोष्ट

शेवरोले, ब्यूक, कॅडिलॅक, पॉन्टिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, सॅटर्न, ओपेल. ही सगळी नावं कधी ना कधी एकाच घरात नांदली. त्या घराचं नाव जनरल मोटर्स. जीएमसी ही ट्रकची नाममुद्रा सोडली, तर कंपनीनं स्वतःचं नाव एकाच मोटारीवर लावलं. तिच्याबद्दल पुढे येईलच. बाकी सगळ्या मालकांना ठाऊक असतं ते गाडीच्या नाकावरचं नाव. आतलं इंजिन, गिअरबॉक्स, चावीचा स्विच यांतलं बरंच काही मात्र दुसऱ्या नावाच्या गाडीतही जसंच्या तसं असतं.

आज सगळ्याच मोठ्या कंपन्या असं करतात. जनरल मोटर्सनं ही पद्धत शंभर वर्षांपूर्वी रुळवली आणि तिच्या जोरावर ती जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी झाली. याच पद्धतीमुळे तिच्या मालकांना काही वेळा फसवल्यासारखं वाटलं आणि एका प्रकरणात शंभरावर माणसांचे जीव गेले. एकच भाग अनेक गाड्यांत वापरण्यात गैर काही नाही, उलट मालकाचा त्यात फायदाच असतो. घात होतो तो त्या भागाची खरी माहिती मालकापर्यंत पोहोचत नाही तेव्हा. जनरल मोटर्सचा इतिहास मला याच अंगानं सांगावासा वाटतो, कारण तिच्या नफ्या-तोट्याच्या आकड्यांपेक्षा गाडी घेतलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे जास्त शिकवणारं आहे.

घोडागाडीपासून सुरुवात

मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावात विल्यम ड्युरंट हा घोडागाड्यांचा मोठा कारखानदार होता. १९०४ साली त्यानं अडचणीत आलेली ब्यूक कंपनी हातात घेतली, ती चालवून दाखवली आणि १६ सप्टेंबर १९०८ रोजी जनरल मोटर्सची स्थापना केली. मग मोटार कंपन्या विकत घेण्याचा त्यानं सपाटाच लावला. ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, ओकलंड अशा कंपन्या वर्ष-दीड वर्षात त्याच्याकडे आल्या. कर्ज इतकं चढलं की १९१० साली बँकांनी त्याला बाजूला सारलं. ड्युरंटनं हार मानली नाही. शर्यतीत गाड्या पळवणाऱ्या लुई शेवरोलेच्या नावानं त्यानं १९११ साली नवी कंपनी काढली, तिच्या बळावर जनरल मोटर्सचे शेअर गोळा केले आणि १९१६ साली आपलीच कंपनी परत मिळवली. १९२० च्या मंदीत ती पुन्हा हातची गेली, ती कायमची. उतारवयात हा माणूस फ्लिंटमध्ये बोलिंगचं खेळघर चालवत होता.

ड्युरंटनं कंपन्यांची मोट बांधली, पण त्यांचा आपसांत मेळ नव्हता. एकाच किमतीच्या दोन-तीन गाड्या एकाच घरातून निघायच्या आणि एकमेकींचं गिऱ्हाईक पळवायच्या. मेळ घातला तो आल्फ्रेड स्लोन यानं. १९२३ साली तो अध्यक्ष झाला तेव्हा अमेरिकेत हेन्री फोर्डच्या मॉडेल टीचं राज्य होतं. गाडी एकच, रूप एकच, आणि किंमत दरवर्षी खाली. १९२० च्या दशकाच्या मध्यावर ती ३०० डॉलरच्याही खाली मिळू लागली होती. त्या किमतीत फोर्डशी झुंज घेणं कुणालाच शक्य नव्हतं.

स्लोननं झुंजीची जागाच बदलली. त्यानं गिऱ्हाइकासाठी पायऱ्या बांधल्या. सर्वांत खाली शेवरोले, तिच्यावर (१९२६ पासून) पॉन्टिअ‍ॅक, मग ओल्ड्समोबिल, मग ब्यूक आणि शिखरावर कॅडिलॅक. पहिली नोकरी लागली की शेवरोले घ्यावी, बढती झाली की पुढची पायरी चढावी आणि निवृत्त होताना कॅडिलॅकमधून फिरावं. ‘प्रत्येक खिशासाठी आणि प्रत्येक गरजेसाठी एक गाडी’ असं हे धोरण कंपनीनं १९२४ साली भागधारकांपुढे मांडलं.

याला जोड मिळाली हप्त्यांची. बँका तेव्हा मोटारीसाठी कर्ज द्यायला तयार नसत, म्हणून कंपनीनं १९१९ सालीच स्वतःची वित्तसंस्था काढली होती. कर्जाचा तिटकारा असलेला फोर्ड लोकांना आधी पैसे साठवायला सांगत होता. इकडे जनरल मोटर्स गाडी आज देत होती आणि पैसे वर्षभर घेत होती. वर रंगाचं आकर्षण होतं. ड्यूपाँ कंपनीचा झटपट वाळणारा ड्यूको रंग आला तसा गाड्या रंगवायचा वेळ आठवड्यांवरून तासांवर आला आणि निळ्या-हिरव्या गाड्या शोरूममध्ये झळकू लागल्या. १९२७ साली हार्ली अर्ल या तरुणाच्या हाताखाली गाडीच्या केवळ दिसण्याचा विचार करणारा स्वतंत्र विभाग निघाला. पुढे दरवर्षी नवं रूप येऊ लागलं आणि शेजाऱ्याची नवी गाडी पाहून आपली गाडी जुनी वाटू लागली. फोर्डला १९२७ साली मॉडेल टी बंद करावी लागली.

या रंगीबेरंगी पायऱ्यांखाली एक हिशेब होता. पाच वेगळ्या गाड्या मुळापासून वेगळ्या घडवायच्या तर दिवाळं निघालं असतं. म्हणून १९२६ साली पॉन्टिअ‍ॅक आली ती शेवरोलेच्या सांगाड्याचे बरेच भाग घेऊन, सहा सिलिंडरचं वेगळं इंजिन बसवून. साचे तेच, यंत्रं तीच. भाग लाखांनी निघाले की एका भागाची किंमत उतरते आणि गॅरेजवाल्याकडेही तो सहज सापडतो. त्या काळच्या मालकाला याचा निखळ फायदा झाला असं माझं मत आहे. पॉन्टिअ‍ॅकचं इंजिन खरोखरच पॉन्टिअ‍ॅकचं होतं आणि जे सामायिक होतं त्यानं त्याचं काही बिघडत नव्हतं.

कामगारांना मात्र या भरभराटीतला वाटा झगडून घ्यावा लागला. ३० डिसेंबर १९३६ पासून ४४ दिवस फ्लिंटचे कामगार कारखान्यांत ठाण मांडून बसले आणि शेवटी कंपनीला त्यांची संघटना मान्य करावी लागली. महायुद्धानंतर तर सुवर्णकाळच आला. १९५० च्या दशकात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या साधारण दर दोन गाड्यांतली एक जनरल मोटर्सची असे. वर्षाला १ अब्ज डॉलरहून अधिक निव्वळ नफा कमावणारी पहिली अमेरिकी कंपनी ती १९५५ साली ठरली.

बॉनेट उघडलं तेव्हा

पायऱ्यांवरचा विश्वास तडकला तो १९७७ साली, आणि तडकवला एका साध्या दुरुस्तीनं. शिकागोतल्या एका मालकानं आपली नवी ओल्ड्समोबिल डेल्टा ८८ कामासाठी दिली, तर ओल्ड्समोबिलचे म्हणून आणलेले भाग इंजिनाला बसेचनात. कारण ते इंजिन ओल्ड्समोबिलचं नव्हतंच, शेवरोलेचं होतं.

दोन्ही इंजिनं व्ही-८, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरची, दोन्ही ३५० घन इंचांची. कागदावर जुळी, रचनेनं वेगळी. ओल्ड्समोबिल १९४९ पासून आपल्या ‘रॉकेट’ इंजिनाची जाहिरात करत आली होती आणि लोक शेवरोलेपेक्षा जास्त पैसे मोजत होते त्यात या इंजिनाच्या कीर्तीचा मोठा वाटा होता. त्या सुमारास ओल्ड्समोबिलची मागणी इतकी वाढली की तिची इंजिनं पुरेनात. कंपनीनं शेवरोलेची इंजिनं बसवली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. कंपनीच्या आतल्या माणसांना यात काही वावगं वाटलं नसावं. इंजिन चांगलं होतं, घरातलंच होतं. पण गिऱ्हाईक पायरी चढण्याचे जादा पैसे देत होतं आणि त्याला खालच्या पायरीवरचं इंजिन मिळत होतं. इलिनॉय राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनं दावा लावला, मग इतर राज्यंही उतरली. कंपनीला भरपाई द्यावी लागली आणि आपल्या गाड्यांत वेगवेगळ्या विभागांनी बनवलेली इंजिनं असतात अशी ओळ जाहिरातींत छापणं भाग पडलं.

ही ओळ मला महत्त्वाची वाटते. तीच आधी छापली असती तर खटला उभाच राहिला नसता. पण मग ओल्ड्समोबिलसाठी जादा पैसे कशाला द्यायचे, हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकानं विचारला असता.

पुढच्याच वर्षी त्याहून मोठं दुखणं सुरू झालं. तेलाच्या टंचाईमुळे लोकांना डिझेल गाड्या हव्या होत्या. ओल्ड्समोबिलनं १९७८ च्या मॉडेलांत ३५० घन इंचांचं डिझेल इंजिन आणलं. पेट्रोल इंजिनासाठी उभारलेल्या यंत्रसामग्रीवरच ते तयार व्हावं म्हणून हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, बोल्टांची संख्या आणि मांडणी पेट्रोल इंजिनासारखीच ठेवली. ब्लॉक जाड केला होता, पण डिझेल इंजिनात हवा पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहून जास्त दाबली जाते. एवढा दाब त्या बोल्टांना पेलवेना. ते ताणले जायचे, झाकणाखालची सीलबंद पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट, जायची, पाणी सिलिंडरमध्ये शिरायचं आणि इंजिन कामातून जायचं. भर म्हणजे इंधनातलं पाणी वेगळं करणारा सेपरेटरही दिला नव्हता. त्या काळी पंपांवर मिळणाऱ्या डिझेलमध्ये पाणी असायचंच, ते थेट इंजेक्शन पंपात जाऊन त्याला गंज चढायचा. मेकॅनिकांना डिझेलची सवय नव्हती. पुष्कळदा जुनेच बोल्ट परत वापरून गॅस्केट बदललं जायचं आणि काही महिन्यांत मालक पुन्हा गॅरेजच्या दारात.

हे इंजिन फक्त ओल्ड्समोबिलमध्ये असतं तर नुकसान तिथेच थांबलं असतं. पण ते ब्यूकमध्ये गेलं, पॉन्टिअ‍ॅकमध्ये गेलं, कॅडिलॅकमध्येही गेलं. आयुष्यभर पायऱ्या चढून कॅडिलॅकपर्यंत पोहोचलेल्या माणसाच्या दारातही तेच दुखणं उभं राहिलं. १९८३ साली फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेबरोबरच्या तडजोडीत कंपनीनं डिझेलचा इंजेक्शन पंप, एक हलका ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि कॅमशाफ्ट यांबाबतच्या तक्रारी लवादापुढे सोडवायचं कबूल केलं. १९८५ साली हे डिझेल बंद झालं. अमेरिकेतलं सामान्य गिऱ्हाईक पुढची कित्येक वर्षं डिझेल मोटारीच्या वाटेला फारसं गेलं नाही.

१९८२ च्या मॉडेलांत शेवरोले कॅव्हेलियरच्याच सांगाड्यावर कॅडिलॅक सिमरॉन निघाली. आत चामड्याच्या सीट होत्या, पण बाहेरून कोणालाही ती शेवरोलेची बहीण वाटे. स्लोनच्या पायऱ्यांमधली उंचीच नाहीशी होत चालली होती. त्याच सुमारास टोयोटा आणि होंडाच्या गाड्या घेणारे लोक शेजाऱ्यांना सांगत होते की आमची गाडी बिघडत नाही. जनरल मोटर्सला ते शिकायचंही होतं. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटचा बंद पडलेला कारखाना तिनं १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू केला. कामगार बहुतांश जुनेच होते, पण टोयोटाच्या पद्धतीनं काम करू लागल्यावर गाड्यांचा दर्जा वर गेला. तो धडा बाकीच्या कारखान्यांत मुरायला मात्र फार वर्षं लागली.

आता ती स्वतःच्या नावाची गाडी. ईव्ही-१ ही विजेवर चालणारी दोन आसनी मोटार १९९६ साली आली आणि तिच्यावर शेवरोलेचं किंवा ब्यूकचं नाव नव्हतं, जीएमचं होतं. ती विकली नाही, ठरावीक मुदतीच्या भाडेकरारानं दिली, मुख्यतः कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनात. एकूण अकराशेच्या आसपास गाड्या निघाल्या. करार संपले तशा कंपनीनं त्या परत मागितल्या. चालवणाऱ्यांनी विकत घेण्याची तयारी दाखवली, निदर्शनं केली, तरी बहुतेक गाड्या चुरून टाकण्यात आल्या. थोड्या गाड्या संग्रहालयांना आणि विद्यापीठांना मिळाल्या. सुटे भाग आणि जबाबदारी यांचा भार पुढे पेलता येणार नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. व्यवहार म्हणून ते समजतं. पण ज्या गाडीला तिनं आपलं नाव दिलं, तिच्यावर इतकी माया करणारी माणसं तिला त्याआधी बऱ्याच काळात मिळाली नव्हती. ती तिनं हातानं दुखावली याचं मला आजही वाईट वाटतं.

दिवाळं आणि एक स्प्रिंग

१ जून २००९ रोजी जनरल मोटर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला. कारणं बरीच होती: निवृत्त कामगारांची पेन्शनं आणि औषधपाण्याचा खर्च, मोठ्या एसयूव्हींवर अवलंबून राहणं, पेट्रोलची भाववाढ आणि २००८ साली गोठलेलं कर्जवाटप. डोक्यावर १७२ अब्ज डॉलरचं देणं होतं आणि मालमत्ता ८२ अब्जांची. अमेरिकी सरकारनं सुमारे ५० अब्ज डॉलर घातले आणि १० जुलैला नवी जनरल मोटर्स उभी राहिली. पॉन्टिअ‍ॅक, सॅटर्न आणि हमर बंद झाल्या. ओल्ड्समोबिल तर २००४ सालीच संपली होती.

मालकाच्या दृष्टीनं इथली कायद्याची मेख समजून घ्यायला हवी. वाटणीत चांगली शेतजमीन आणि घर एका नव्या नावावर करावं आणि पडीक माळ व जुनी देणी म्हाताऱ्याच्या नावावर ठेवावीत, तसं इथं झालं. कारखाने, चांगल्या नाममुद्रा आणि डीलर नव्या कंपनीकडे गेले. नको असलेले कारखाने आणि बरीचशी देणी जुन्या कंपनीकडे राहिली. म्हणजे दिवाळखोरीआधी झालेल्या अपघाताबद्दल कोणी दावा लावला, तर नवी कंपनी म्हणू शकत होती की तो माणूस आमचं गिऱ्हाईक नव्हे.

याच जागी इग्निशन स्विचचं प्रकरण येऊन आदळलं.

चावी फिरवली की स्विच ‘बंद’, ‘अ‍ॅक्सेसरी’, ‘चालू’ अशा टप्प्यांतून जातो. प्रत्येक टप्प्यावर तो अडकून राहावा म्हणून आत एक छोटी स्प्रिंग आणि तिनं रेटलेली खिट्टी असते. शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन, पॉन्टिअ‍ॅक जी-५ अशा स्वस्त गाड्यांत बसवलेल्या स्विचमध्ये ही पकड ठरवलेल्या मापापेक्षा ढिली होती. चावीच्या जुडग्याचं वजन जास्त असेल, गुडघा लागला किंवा गाडी खड्ड्यात आदळली, तर चावी आपोआप ‘अ‍ॅक्सेसरी’वर सरकायची. धावत्या गाडीचं इंजिन बंद व्हायचं. पॉवर स्टिअरिंग जायचं, ब्रेकची मदत जायची. सर्वांत वाईट म्हणजे एअरबॅगचा वीजपुरवठाही जायचा. चालक गाडी सावरण्याच्या धडपडीत असताना ती झाडावर आदळायची आणि त्या क्षणी एअरबॅग उघडत नसे.

हे कंपनीला ठाऊक नव्हतं असं नाही. हा स्विच घेऊन सॅटर्न आयन २००३ च्या मॉडेलांत आली. कोबाल्ट बाजारात येतानाच चाचणीत इंजिन बंद पडल्याचं नोंदलं गेलं. २००५ साली डीलरांना सूचना गेली की गिऱ्हाइकांना चावीच्या जुडग्यातलं जड सामान काढायला सांगा. चावीला कडी अडकवायच्या भोकाचा आकार बदलण्याचा उपाय सुचवला गेला होता, तो तेव्हा बाजूला पडला. कारण धावत्या गाडीचं इंजिन बंद पडण्याला कंपनीच्या कागदोपत्री ‘ग्राहकाची गैरसोय’ म्हटलं गेलं होतं, ‘सुरक्षेचा दोष’ नव्हे. इंजिन बंद पडणं हा एका विभागाचा विषय होता, एअरबॅग न उघडणं दुसऱ्याचा. स्विच बंद पडला की एअरबॅगही बंद पडते, हा सांधा कित्येक वर्षं कुणी जोडला नाही.

मग २००६ साली एका अभियंत्यानं स्विचमधला भाग गुपचूप सुधारला, पण त्याचा पार्ट नंबर तोच ठेवला. मोटार धंद्यात ही गंभीर चूक आहे. भाग बदलला की क्रमांक बदलायचा, हा पहिला नियम. क्रमांक तोच राहिल्यामुळे कंपनीच्याच तपासनिसांना कळेना की नंतरच्या गाड्यांत ही तक्रार का येत नाही. २०१० साली जॉर्जियात एका तरुणीचा कोबाल्टच्या अपघातात मृत्यू झाला. तिच्या कुटुंबाच्या वकिलानं नेमलेल्या अभियंत्यानं तिच्या गाडीतला स्विच आणि त्याच क्रमांकाचा नवा स्विच शेजारी ठेवून उघडले, तेव्हा आतले भाग वेगळे निघाले. कोट्यवधी डॉलरच्या तपास यंत्रणेला न दिसलेली गोष्ट दोन स्विच उघडून दिसली.

फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं, सुरू झालं. आधी सुमारे ८ लाख गाड्या, मग आकडा २६ लाखांच्या घरात गेला. आकडा फुगायला तो न बदललेला क्रमांकही कारण ठरला. जुने सदोष स्विच सुट्या भागांच्या साठ्यात त्याच क्रमांकानं पडून होते, ते दुरुस्तीत नव्या, चांगल्या गाड्यांना बसले असण्याची शक्यता होती. म्हणून २०११ पर्यंतची मॉडेलंही परत बोलवावी लागली.

मालकांनी ते महिने कसे काढले असतील? नवे स्विच पुरेसे तयार नव्हते. तोवर चावी एकटीच वापरा, घराच्या किल्ल्या काढा, की-चेनसुद्धा लावू नका, असं सांगण्यात आलं. कामावर जायला दुसरी गाडी नसलेली माणसं रोज त्याच गाडीत बसत होती. मागितलं तर पर्यायी गाडी मिळत होती, पण हे ठाऊक असलेल्यांनाच. ही सगळी कंपनीची स्वस्तातली मॉडेलं होती. आईबापांनी मुलांना पहिली गाडी म्हणून घेऊन दिलेल्याही त्यांत पुष्कळ होत्या.

त्याच जानेवारीत मेरी बारा कंपनीच्या प्रमुख झाल्या होत्या. चौकशीनंतर त्यांनी १५ जणांना काढून टाकलं. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीनं १२४ मृत्यू आणि २७५ जखमींचे दावे मान्य केले आणि सुमारे ५९.४ कोटी डॉलर वाटले. अपघात दिवाळखोरीच्या आधीचा की नंतरचा, हे त्या निधीनं पाहिलं नाही, आणि ते योग्यच झालं. न्यायालयात मात्र कंपनीनं जुन्या-नव्या वाटणीची ढाल पुढे केली. २०१६ साली अपील न्यायालयानं या प्रकरणापुरती ती अमान्य केली. सरकारी वकिलांशी झालेल्या तडजोडीत कंपनीनं २०१५ साली ९० कोटी डॉलर भरले.

बारा यांच्या काळात वागणं बदललं का? थोडं बदललं असं म्हणता येईल. शेवरोले बोल्ट या विजेच्या गाडीच्या बॅटऱ्या पेटू लागल्या तेव्हा कंपनीनं २०२१ साली तोवर बनलेल्या सगळ्या, म्हणजे १ लाख ४० हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या आणि दोष एलजीनं पुरवलेल्या सेलमध्ये असल्याचं जाहीरपणे सांगितलं. गाडी घराच्या गॅरेजमध्ये रात्रभर चार्जिंगला लावू नका ही सूचना विजेच्या गाडीच्या मालकाला पचणं कठीणच होतं. पण या वेळी दोष कोणत्या भागात आहे हे त्याला माहीत होतं आणि बऱ्याच जणांना नवी बॅटरी मिळाली.

शिवडी ते तळेगाव

महाराष्ट्राचा या कंपनीशी संबंध वाटतो त्याहून जुना आहे. १९२८ साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर नुसती जुळणी न करता भागही इथेच बनवा, असा सरकारचा आग्रह झाला आणि १९५४ साली तो कारखाना बंद पडला. १९९० च्या दशकात कंपनी परतली ती गुजरातेत हालोलला, ओपेल अ‍ॅस्ट्रा घेऊन. २००३ पासून शेवरोलेचं नाव आलं आणि २००८ साली पुण्याजवळ तळेगावला नवा कारखाना उभा राहिला.

इथेही बाहेरचं नाव एक आणि आतली गाडी दुसरी होतीच. ऑप्ट्रा, एव्हिओ आणि स्पार्क मुळात कोरियातल्या देवूच्या गाड्या. स्पार्क ही देवूच्याच मॅटिझ या छोट्या गाडीची पुढची पिढी. जनरल मोटर्सनं २००२ साली देवूचा मोटार व्यवसाय घेतला, पण देवूचा भारतातला कारखाना घेतला नाही. त्यामुळे मॅटिझचे मालक वाऱ्यावर पडले आणि काही वर्षांनी तिचीच बहीण शेवरोले म्हणून शोरूममध्ये आली. टवेरा ही इसुझू या जपानी कंपनीच्या पँथर गाडीवरून आलेली. तिचं दणकट डिझेल इंजिन इसुझूच्या घराण्यातलं. एका जमान्यात शिर्डीला, महाबळेश्वरला जाणाऱ्या टुरिस्ट गाड्यांत टवेरा हटकून दिसायची ती या इंजिनामुळे आणि मागच्या ऐसपैस जागेमुळे. तिच्याच बाबतीत २०१३ साली १ लाख १४ हजार गाड्यांचा रिकॉल निघाला. धुराच्या चाचणीत काही कर्मचाऱ्यांनी नियम मोडल्याचं कंपनीनंच सरकारला कळवलं आणि अनेकांना कामावरून काढलं.

मे २०१७ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की वर्षअखेर भारतातली विक्री थांबेल. आदल्या महिन्यात हालोल बंद झालंच होतं. तळेगावहून मेक्सिकोसारख्या देशांत निर्यात २०२० अखेरपर्यंत चालली, मग तेही थांबलं. पगारासाठी आणि कामासाठी तिथले कामगार पुढे दीर्घकाळ लढत राहिले. चिनी कंपनीशी ठरलेला सौदा फिसकटला आणि जानेवारी २०२४ मध्ये तो कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात गेला.

मालकांच्या हातात राहिल्या कंपनी निघून गेलेल्या गाड्या. जुन्या बाजारात भाव कोसळला. सर्व्हिस देत राहू असं कंपनीनं सांगितलं होतं, पण शोरूम गेले तसं मालकाला आपल्या गाडीची नस ओळखणारा गॅरेजवाला शोधणं आलं. इथे सामायिक भागांचा फायदा पुन्हा दिसतो. शेवरोलेच्या बीट आणि सेल या गाड्यांची डिझेल इंजिनं फियाटच्या मल्टिजेट घराण्यातली. मारुती स्विफ्ट आणि टाटा व्हिस्टामुळे हे घराणं गावोगावच्या मेकॅनिकला पाठ असतं, त्यामुळे टायमिंग चेन आणि इंजेक्टरची कामं अडत नाहीत. अडतं ते बंपर, हेडलाइट, दाराची काच, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांच्यापाशी, कारण त्या भागांवर फक्त शेवरोलेचा शिक्का आहे. कंपनी गेलेली गाडी विकत घ्यायची असेल तर आधी इंजिन कुठल्या घराण्यातलं आहे ते विचारावं आणि मग काचा-दिवे नीट आहेत का ते डोळ्यांत तेल घालून पाहावं.

रिकॉलबद्दल एक गोष्ट उपयोगाची. अमेरिकेत सदोष गाडी परत बोलावण्याची सक्ती १९६६ च्या कायद्यानं आली. शेवरोले कॉर्वेअरच्या सुरक्षिततेवर राल्फ नेडर या वकिलानं टीका केली, कंपनीनं त्यांच्यामागे गुप्तहेर लावले आणि कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या उपसमितीसमोर माफी मागावी लागली, त्यातून हा कायदा व्हायला जोर मिळाला. आपल्याकडे सरकारला असा अधिकार २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानं मिळाला. त्याआधीचे रिकॉल कंपन्यांच्या मर्जीवर असायचे.

अमेरिकेत न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियात मुलाला कॉलेजसाठी जुनी शेवरोले घेऊन देणारी मराठी कुटुंबं आज आहेत. त्यांनी गाडीचा १७ अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक (व्हीआयएन, नंबरप्लेटवरचा नव्हे) तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. बाकी राहिलेला रिकॉल लगेच दिसतो. मालक कितवाही असो, गाडी १५ वर्षांहून जुनी नसेल तर ते काम फुकट होतं. रिकॉल बाकी असलेली नवी गाडी तिथे विकता येत नाही, पण जुनी विकायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. त्यामुळे हे काम विकणाऱ्याच्या भरवशावर सोडू नये, पैसे देण्याआधी स्वतः करावं.